चार इंच पुढची सीट

१० फेब्रुवारी, शनिवार

“मला बाई गाडीतलं काही कळत नाही.” आई हे वाक्य बोलली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि जेवणाच्या टेबलाखाली बसून पाहुण्यांचे बूट मोजत होते. त्या संध्याकाळी बाबांच्या घाटातल्या शर्यतीच्या विक्रमाची ढाल घरी आली होती. कोणीतरी हसत विचारलं, “काय वहिनी, तुम्ही बसता का कधी या गाडीत?” आणि आई ते बोलली. सगळे हसले. मीही हसले असणार.

सदतीस वर्षं मी ते वाक्य धरून चालले. गाडीचं काही विचारायचं तर बाबांना. आईला भाजी, ताप, शाळेची फी.

बाबांना जाऊन तेरा महिने झाले. आज आईच्या इमारतीखालचं गॅरेज उघडलं आणि गाडीवरचं कापड काढलं. लाल अल्फा रोमिओ, दोन दारांची, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. धूळ खाऊनही अशी उभी होती, जणू मला उशीर झाला म्हणून ओठ आवळून बसली आहे.

ठरवलं. एकवीस एप्रिलला जुन्या गाड्यांच्या क्लबची घाटातली शर्यत आहे, आणि तो रस्ता पुढच्या वर्षी रुंद होणार असल्यामुळे ही शेवटची. क्लबच्या हॉलमध्ये पितळी पाटीवर अजून बाबांचं नाव आहे: चार मिनिटं अकरा सेकंद. त्या वर्गातला तो विक्रम कोणी मोडलेला नाही. मी त्यांची गाडी घेऊन वर जाणार, तीही ‘मूळ स्थिती’ या गटात. म्हणजे कारखान्यातून आली तशीच, एकही बदल नसलेली. मला तो विक्रम मोडायचा नाही. त्याच्या जवळपास पोचले तरी पुरे.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “त्या डब्याला परत उठवणार? बरं. वर येताना हात धुऊन ये.”

११ फेब्रुवारी

मेस्त्री आले. बाबांच्या हाताखाली शिकलेले, आता स्वतःच सत्तरीला टेकलेले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनाला नमस्कार केल्यासारखे थांबले. मग म्हणाले, “उंदरांनी फक्त वायरी खाल्ल्यात. चांगल्या घरचे उंदीर.”

एक गोष्ट खटकली. ड्रायव्हरची सीट इतकी पुढे बसवली आहे की माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. बाबा माझ्याहून उंच. ते तर यात मावलेच नसते. नंतर कित्येक वर्षं ते गाडी चालवत नसत हे खरं, महिन्यातून एकदा खाली येऊन दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायचे, बस्स. गुडघे दुखतात म्हणायचे. मधे कधीतरी कोणा बुटक्या मित्राला चालवायला दिली असणार. बाबांचा हा भिडस्तपणा!

१७ फेब्रुवारी

व्हॉल्व्हचं माप घेतलं. या इंजिनात स्क्रू फिरवून माप जुळवता येत नाही. प्रत्येक व्हॉल्व्हवर एक बारीक पोलादी चकती असते. माप चुकलं की सगळं उतरवायचं, चकती बदलायची, पुन्हा बसवायचं, पुन्हा मोजायचं. लोकांना हा छळ वाटतो. मी बावीस वर्षं डेंटल लॅबमध्ये इतरांच्या दाढांवर बसतील अशा टोप्या करते. केसाएवढा फरक राहिला तर माणूस जेवू शकत नाही, हे मला माहीत आहे. मेस्त्री म्हणाले, “तुझा हात बाबांसारखा आहे.” दिवसभर ते वाक्य मनात खिशातल्या गोळीसारखं चघळलं.

संध्याकाळी इंजिन सुरू झालं! खोकत, शिंकत, पण झालं. दोन कार्ब्युरेटर, प्रत्येकाला दोन तोंडं. चारही तोंडांनी सारखी हवा ओढायला हवी. मेस्त्री रबरी नळीचं एक टोक कानाला लावतात, दुसरं एकेका तोंडाशी धरतात. तासभर तेच चाललं होतं.

वर गेले तर स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. बाबा इंजिन सुरू करायचे तेव्हा आई ती लावून घ्यायची, धूर येतो म्हणून. मी म्हटलं, “धूर आला असेल ना?” तर म्हणते, “चौघांतला एक अजून उशिरा येतोय.”

इतकी वर्षं बाबांची बडबड ऐकून तिलाही त्यांचे शब्द तोंडपाठ झालेत. मला एकदम भरून आलं.

१८ फेब्रुवारी

मागचं तोंड खरंच मागे पडत होतं. योगायोग.

मेस्त्रींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, दोन्ही डोळ्यांचं. महिनाभर येणार नाहीत. “इंजिन झालंय. बाकी बॉडीला हात लावू नकोस, मी आल्यावर बघू,” म्हणाले. महिना वाया घालवणं मला परवडणार नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

डेंटिंगवाल्याला बोलावलं. सीटखालचा गालिचा काढला तर पत्र्यात आठ भोकं. चार कारखान्याची. चार नंतर पाडलेली, अंदाजे चार इंच पुढे, आणि सीट त्यांच्यातच आवळलेली. क्लचच्या पॅडलवर एक लाकडी ठोकळाही होता, दोन पितळी स्क्रूंनी बसवलेला, कडा पॉलिश पेपरने गोल केलेल्या.

डेंटिंगवाला भोकांवरून बोट फिरवत म्हणाला, “ताई, हे कोणी घाईत केलेलं नाही. कडांना पत्र्याची कच्ची धार नाही, खालून पट्टी देऊन मजबुती केलीय. बुजवायची म्हणता?”

“मूळ गाडीत नव्हती ना? मग बुजवायची.”

“जशी तुमची मर्जी.” त्याने वेल्डिंग करून, घासून, रंग मारून दिला. आता कोणाच्या बापाला सांगता येणार नाही की इथे काही होतं. सीट मागे, तिच्या खऱ्या जागी. ठोकळा भंगारात. पहिल्यांदाच मी स्टिअरिंगमागे नीट बसले आणि वाटलं, बाबा असेच बसत असतील.

२ मार्च

नवरा म्हणाला, “लोकांच्या बायका सोन्यासाठी हटून बसतात, माझी चकत्यांसाठी. एकदा सांग तरी, काय आहे या गाड्यांत?”

मला बोलून सांगता आलं नाही. इथे लिहून बघते.

लहानपणी बाबांच्या खोलीत भिंतभर चित्रं होती. जॅग्वारचं ते लांबच लांब नाक, सहा सिलिंडर एका रांगेत निजवायचे म्हणून वाढवलेलं. पोर्शे, जिचं इंजिन पाठीत आणि म्हणून वळणावर तिचा स्वभाव सगळ्यांहून निराळा. आणि आमची ही, शर्यतीच्या घोड्यांमध्ये घरकाम करणारी. इंजिन जेमतेम सोळाशे सीसीचं. पण इतरांना चार गिअर होते तेव्हा हिला पाच, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि पोटात व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, जे तेव्हा फक्त महागड्या गाड्यांना असत. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आतून पोकळ, त्यात सोडियम भरलेलं, उष्णता ओढून न्यायला. कोणाला दिसणारही नाही अशा जागी कोणीतरी एवढा विचार करून ठेवला आहे.

मला तेच आवडतं. ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशा माणसांनी आपल्यासाठी घेतलेली काळजी. आणि या गाड्या तोंडदेखलं वागत नाहीत. तुम्ही गिअर चुकलात तर सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

नवऱ्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, “पोकळ आणि आतून गरम. सासूबाईंचं वर्णन वाटतंय.” मी उशी फेकून मारली.

९ मार्च

आईच्या पेन्शनच्या कागदांसाठी तिचं कपाट काढलं. पाकिटात गाडी चालवायचा परवाना, चालू तारखेचा! दर वेळी जाऊन नवा करून घेतलाय. विचारलं तर म्हणे, “ओळखपत्र म्हणून बरा पडतो.” सरकारी कागद जपायचा तिचा नाद काही जात नाही.

१६ मार्च

क्लबचे सचिव तपासणीला आले. टॉर्च, लोहचुंबक, आणि जाड पुस्तक. तीन तास गाडीखाली, गाडीत, गाडीवर. सीटखाली टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं. मग उठून म्हणाले, “निर्मळ. तुमच्या वडिलांनी हिला अगदी हात न लावता ठेवलंय.”

‘मूळ स्थिती’चं प्रमाणपत्र मिळालं. आईला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

२४ मार्च, रविवार

घाटात सराव. रस्ता सकाळी दोन तास बंद करून देतात. चार मिनिटं एकोणपन्नास. दुसऱ्यांदा चार एक्कावन्न. तिसऱ्यांदा लिहिण्यासारखं नाही. दगडी पुलानंतरच्या वळणाला मला धडकी भरते. कडा एकदम अंगावर येतो. मी ब्रेक मारते, गाडी बसते, आणि पुढची चढण सगळी मेलेल्या इंजिनाने चढावी लागते.

आईकडे जेवायला गेले. ती मटार सोलत होती.

“पुलाच्या अलीकडे ब्रेक मारतेस की पलीकडे?”

“पलीकडे. वळण तिथेच आहे ना!”

“दिसतं तिथे,” ती म्हणाली. एक शेंग सोलली. “पुलावर चढायच्या आधी काय ते उरकून घ्यायचं. मग पाय द्यायचा आणि काढायचा नाही. कडा आपोआप बाजूला होतो.”

मी जरा तुसडेपणाने म्हटलं, “आई, बाजूला बसून सोपं वाटतं गं. स्टिअरिंग धरल्यावर कळतं.”

तिने मटाराच्या साली गोळा केल्या आणि उठली. त्या काळी रविवारी पहाटे दोघं मला मावशीकडे सोडून घाटात जायचे. बिचारी बाजूला बसून कंटाळत असेल, म्हणून रस्ता पाठ झाला असेल.

मी असं बोलायला नको होतं.

३० मार्च, शनिवार

आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

मेस्त्री आले, डोळ्यांवर काळा चष्मा. “आता सगळं लख्ख दिसतं. तुझे पांढरे केससुद्धा,” म्हणाले. खुशीत होते. गाडीभोवती फिरले, दार उघडलं, सीटवर हात ठेवला आणि थांबले. मग गुडघ्यावर बसून सीटखाली हात घातला. बराच वेळ चाचपत राहिले.

“इथली भोकं?”

“बुजवली. मूळ नव्हती. कोणा बुटक्याने—”

“क्लचवरचा ठोकळा?”

“भंगारात. का हो?”

मेस्त्री खालीच बसले, फरशीवर. चष्मा काढला. “अगं पोरी, ती तुझ्या आईची जागा होती.”

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, “म्हणजे आई कधीतरी चालवायची?”

“कधीतरी? घाटात तीच चालवायची! तुझे बाबा इंजिन असं लावायचे की देव खाली येऊन ऐकेल. पण स्टिअरिंगवर बसले की म्हातारी गाय. त्यांनाही माहीत होतं. तिच्या पायाचं माप घेऊन त्यांनी स्वतः ती भोकं पाडली. मी पट्टी धरली होती. चार अकरा तिचे आहेत.”

“मग पाटीवर—”

“अर्जावर गाडीच्या मालकाचं नाव लिहायची पद्धत. चालकाचा रकानाच नव्हता. हेल्मेट घातलेलं, कोणाला काय दिसतंय? दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, मग ढाल आली, मग पाहुणे आले.”

आणि पाहुण्यांच्या बुटांत मी बसले होते.

३१ मार्च

आईकडे गेले. ती कपडे घडी करत होती. मी दारातच म्हटलं, “चार अकरा तुझे आहेत.”

तिने टॉवेलाची घडी पूर्ण केली. “मेस्त्र्यांना गप्प बसवत नाही.”

“तू का नाही सांगितलंस?”

“ते मी सांगायचं होतं का?” तिने दुसरा टॉवेल उचलला. “मी वाट बघत होते गं. त्या संध्याकाळी. तो माणूस विचारतोय, वहिनी बसता का कधी. तुझे बाबा समोर. एक वाक्य. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कप उचलला.”

“आणि तू परत कधी—”

“नाही. त्यांनी म्हटलं होतं पुढच्या वर्षी क्लबात सांगतो. पुढच्या वर्षी म्हणाले, आता विचित्र दिसेल. मग मी म्हटलं, राहू दे. वाईट नव्हते ते. भित्रे होते. सीट मागे घ्यायचंही धाडस झालं नाही त्यांना. मी येईन म्हणून ठेवली असेल तशीच.”

मला सांगावंच लागलं. “आई, ती मी मागे घेतली. भोकं बुजवली.”

तिच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली. मग म्हणाली, “सचिवांनी शाबासकी दिली असेल.”

आयुष्यात इतकं लागलेलं काही आठवत नाही.

३ एप्रिल

लॅबमध्ये आज एक टोपी तीनदा चुकली.

विचार करत राहते. मी गाडीतला एक-एक बोल्ट मूळ आहे का ते पुस्तकात बघून ठरवलं. त्या पुस्तकात आई कशी असणार? कारखान्याने ज्या माणसासाठी सीट बसवली तो माणूसच मी मूळ धरला.

बाबांवर चिडायचं आहे, पण नीट चिडता येत नाही. दर महिन्याला ते खाली येऊन इंजिन सुरू करायचे, वरती खिडकी लागायची, तरी पुढच्या महिन्याला पुन्हा. छत्तीस वर्षं. तोंडाने एक वाक्य बोलायला लागतात तीन सेकंद.

६ एप्रिल, शनिवार

भोकं परत पाडायची. ठरलं. मेस्त्री म्हणाले, “प्रमाणपत्र जाईल.” म्हटलं, जाऊ दे.

पण कुठे पाडायची? डेंटिंगवाल्याने काम इतकं चोख केलंय की खूणही नाही. चार इंच हा माझा ढोबळ अंदाज. अर्धा इंच चुकला तर क्लच पूर्ण दाबला जात नाही. आणि ठोकळ्याची जाडी तर मी मोजलीच नव्हती. दातांचा ठसा न घेता दात उपटणारी मी!

म्हणजे आईचंच माप घ्यायला हवं.

तिला जेवणाच्या खुर्चीत बसवलं आणि टेप काढली. कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच.

“हे काय, शिंपीण झालीस?”

“हलू नकोस.”

“कशाला घेतेस?”

“गाडी नीट करायला. जशी होती तशी.”

तिने पाय मागे घेतला नाही. मी वहीत आकडे लिहीत होते तेव्हा म्हणाली, “तेव्हाचं माप आता चालायचं नाही. माणूस आटतो. मी तेव्हापेक्षा इंचभर तरी कमी असेन.” आणि थोड्या वेळाने, “ठोकळा सागाचा नको. पाय घसरतो. वर रबर लाव.”

१३ एप्रिल

पाच इंच. मेस्त्रींनी पट्टी धरली, मी ड्रिल चालवलं. पहिल्या भोकाला पत्रा किंचाळला आणि सचिवांनी टॉर्च मारलेली ती निर्मळ जागा माझ्या हाताने गेली. एवढं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. ठोकळा लॅबमध्ये घासला, माझ्या दातांच्या मशीनवर. साहेब बघून गेले.

आता त्या सीटवर मी मावत नाही. नवऱ्याने विचारलं, “मग शर्यतीत कोण चालवणार?” मी म्हटलं, बघू.

१५ एप्रिल

सचिवांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मूळ गटातून काढावं लागेल. ‘बदललेल्या गाड्या’ गटात घेतो. पण पाटीचं काही बोलू नका. पुरावा काय?”

“मेस्त्री आहेत.”

“आणि तुमची आई काय म्हणते?”

मी मुदत विचारली. चालकाचं नाव कळवायची मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत, एवढं त्यांनी सांगितलं. आता अर्जावर तो रकाना असतो.

२० एप्रिल, शनिवार, सकाळी साडेनऊ

गॅरेजमध्ये बसून लिहिते आहे, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. इंजिन गरम करून बंद केलं. चौघंही वेळेवर आहेत. वरची खिडकी उघडी होती.

आठवडाभर आईशी या विषयावर बोललेले नाही. तिनेही काढलेला नाही. मला तिची सगळी उत्तरं माहीत आहेत, एका मागोमाग एक. बहात्तर वर्षं झाली. गुडघा. उजवा डोळा. एवढी वर्षं हात लावला नाही. लोक काय म्हणतील. आता कशाला. तू वेडी आहेस का? आणि सगळ्यांत शेवटी, टॉवेलाची घडी घालत, राहू दे.

ती राहू दे म्हणाली की मी काय करणार हेही ठरवलंय. सचिवांना कळवणार की गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी राहील, रिकाम्या सीटसकट, आणि कोणी विचारलं तर कारण मी सांगेन, माईकवर सांगावं लागलं तरी. एक वाक्य. कप न उचलता.

पण आधी तिला विचारायला हवं. परस्पर काही करणारी माणसं या घरात पुरे झाली. अर्ज हातात आहे. चालकाचा रकाना कोरा ठेवलाय. पेनही घेतलंय.

दोन मजले. चढते. दारातच विचारणार, चप्पल काढायच्या आधी, नाहीतर धीर जाईल:

आई, उद्या गाडी तू चालव. वेळ मोजायला नको वाटलं तर नको मोजूया. मी बाजूला बसेन आणि पुलाच्या अलीकडे काही बोलणार नाही. चालवशील?